जठराचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा

महोदय,

आपल्या आरोग्यविषयक पानावर पोटदुखी म्हटली की अपचन, आम्लपित्त आणि जेवणाच्या वेळा एवढेच येते. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम करताना पाहिलेला एक दुर्मीळ पण जिवावरचा प्रकार वाचकांपुढे यावा, म्हणून हे पत्र.

जठराला अनेक धमन्यांतून रक्त मिळते. त्यामुळे एखादी बंद झाली तरी बहुधा निभावते. पण जठराला पीळ बसला, ते अतोनात फुगले, मुख्य धमनीत गुठळी अडकली किंवा रक्तदाब फार वेळ खालीच राहिला, तर आतले अस्तर मरू लागते. मग जठरातली हवा भिंतीत शिरते. कधी जंतूच भिंतीत घुसून तिथे वायू तयार करतात. हा वायू शिरांमधून यकृतापर्यंतही पोचतो. सीटी स्कॅनमध्ये जठराच्या भिंतीत काळी रेघ किंवा बुडबुडे दिसतात. नाकातून नळी घालून जठर रिकामे करताना बाटलीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट पाणी येऊ लागले की आम्हा सगळ्यांचीच धावपळ सुरू होते.

मात्र रिपोर्टमध्ये ‘भिंतीत हवा’ वाचून नातेवाईक लगेच ऑपरेशनचा आग्रह धरतात, तेही बरोबर नाही. जोरदार उलट्या, एंडोस्कोपी किंवा त्या नळीमुळेही अस्तराला इजा होऊन हवा आत जाते. असा रुग्ण पुष्कळदा चांगला बोलत-बसत असतो आणि पोटाला विश्रांती दिली की हवा जिरून जाते. पण नाडी धावते आहे, ताप आहे, रक्तदाब घसरतोय, रक्तातले लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण) चढतेय, अशा रुग्णाच्या बाबतीत वेळ दवडून चालत नाही. सलाइन, अँटिबायोटिक्स, जठर रिकामे करणे आणि रक्तपुरवठा पूर्ववत करणे हे तातडीने व्हावे लागते. भिंत सडली वा फुटली असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. म्हणून फिल्मइतकेच रुग्णाकडेही बघणारे डॉक्टर मला मोलाचे वाटतात.

जठराला पीळ बसल्याची तीन लक्षणे बोरशार्ट या जर्मन शल्यचिकित्सकांनी 1904 साली नोंदवली: पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळ, उबळ येऊनही उलटी न पडणे आणि नाकातून घातलेली नळी जठरात न उतरणे. यातली पहिली दोन घरीच कळतात. तरी माणसे सोडा, ॲसिडिटीची गोळी घेत रात्र काढतात, याचे फार वाईट वाटते. ही दोन लक्षणे, रक्ताची किंवा काळपट उलटी आणि फुगून ताठ झालेले पोट, एवढे तरी आपण ठळक चौकटीत छापावे आणि त्याखाली ‘ताबडतोब रुग्णालयात जा’ असे लिहावे, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका