मेस्त्री, परत दिलेल्या त्या आठ तुकड्यांबद्दल

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून नुसतं मेस्त्री. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ज्याला ओळखायचं तो ओळखेल. आमच्याकडं भरतीची चाचणी घेतलीत, तिच्या मानधनाचं विचारलं तेव्हा "एक दहा इंची स्मूथ कानस द्या, नवी," एवढंच म्हणालात. कानस दिली, पण तेवढ्यानं फिटण्यातलं हे नाही. आभार चारचौघांत मानायचे ते एवढ्यासाठी, की ऑपरेटर मिळत नाहीत म्हणून रोज कपाळाला हात लावणाऱ्या आपल्या भागातल्या कारखानदारांनीही हे वाचावं.

चाचणीला अकरा पोरं आली, तीन घेतली. इथवर काही विशेष नाही. उरलेल्या आठ जणांना "कळवतो" म्हणून फाटकाबाहेर काढायची आपल्याकडची रीत. तुम्ही त्यांना बसवून घेतलंत. ज्यानं त्यानं घासलेला तुकडा सरफेस प्लेटवर ठेवलात, मग गुण्या लावून उजेडाकडं धरलात आणि त्याचा त्याला दाखवलात. "बाळा, ही बाजू सरळ हाय. हिला मात्र पोट आलंय, बघ, दोन्ही कडांनी उजेड दिसतोय." मग स्क्रायबरनं, म्हणजे टोकदार सळईनं, त्याच तुकड्यावर मापं कोरलीत. कुठं ०.१२ मिलिमीटर जास्त, कुठं ०.०८ कमी. गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलंत आणि तुकडा हातात दिलात. आठ जणांना आठ तुकडे, सोबत सगळ्यांसारखीच दिवसाची पूर्ण हजेरी.

पोट का येतं तेही सांगितलंत. कानस पुढं ढकलताना सुरुवातीला जोर पुढच्या हातावर असतो. कानस जशी पुढं जाते तसा तो मुठीकडच्या हातावर सरकला पाहिजे. दोन्ही हातांचा जोर सगळा वेळ तेवढाच राहिला की कानस झोपाळ्यासारखी हलते, कडा जास्त खाल्ल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. दोन वर्षं आयटीआय करून आलेल्या पोराला हे कुणीतरी कधीतरी सांगितलं असणारच. पण त्याच्या स्वतःच्या तुकड्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत दाखवलेलं नव्हतं. पाच फाटकं फिरून आलेल्या मुलाला आपण का नको आहोत हे पहिल्यांदाच मिलिमीटरमध्ये कळलं. त्यातला एक पोरगा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवताना दिसला. नोकरी न मिळालेला मुलगा इतक्या जपून काही घेऊन फाटकाबाहेर जातो, हे दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

याआधी एका भरती एजन्सीचा अनुभव झाला होता. नाव घेण्यात अर्थ नाही, तसल्या बऱ्याच आहेत. माणसामागं महिन्याचा पगार फी, आणि टापटीप फाईलमध्ये लावलेले बायोडाटे. एसी खोलीत दहा मिनिटांची मुलाखत. एकोणीस वर्षांच्या टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्याला, प्रश्न काय, तर पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता. त्या पोरानं काय सांगावं? तो आपला घोकलेलं उत्तर देतो, "टीम लीडर म्हणून." समोरचा खूश. लेथचा चक, म्हणजे काम घट्ट पकडून फिरवणारा भाग, कुणी दाखवला नाही, मायक्रोमीटर कुणी हातात दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं गायब, आणि एजन्सीचं ठरलेलं उत्तर, "हल्लीच्या पिढीला कष्ट नकोत."

तुमची चाचणी अर्ध्या दिवसाची. मालाचा खर्च म्हणाल तर माणशी एक एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा, ५२ गुणिले ५२ मिलिमीटर, जाडी १०. तो ५० गुणिले ५० करायचा, निदान दोन लगतच्या बाजू काटकोनात. पण खरी मेख ड्रॉइंगमध्ये. त्यावर एक माप मुद्दाम लिहिलेलंच नव्हतं, कोपऱ्यातल्या चॅम्फरचं, म्हणजे तिरक्या कापाचं. कुणी अंदाजानं दोन मिलिमीटर धरलं, कुणी शेजाऱ्याचं पाहिलं. तिघंचौघंच उठून विचारायला आले. विचारायला येणाऱ्याच्या नावापुढं तुम्ही बारीक टिंब काढत होतात. न विचारता अंदाजानं काम उरकणारा माणूस मशिनवर शंभर जॉब, म्हणजे नग, एकाच चुकीचे काढतो, आणि ते शंभरही एकसारखे नीटनेटके असतात, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

दुसरी मेख व्हर्नियरची, म्हणजे जबड्यांच्या मापपट्टीची. टेबलावर ठेवलेल्या दोन व्हर्नियरपैकी एकात ०.०६ ची शून्यचूक होती. जबडे मिटवून शून्य जुळतंय का पाहायला दोन सेकंद लागतात. अकरांपैकी किती जणांनी पाहिलं ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्या मालकांनी आधी आपल्याच क्वालिटीवाल्याला तो व्हर्नियर देऊन बघावा. आणि व्हर्नियर ठेवला कुठं, हेही तुम्ही लांबून बघत होतात. कानशींच्या ढिगात टाकला की फडक्यावर वेगळा ठेवला. ज्याला मापाच्या हत्याराची किंमत नाही त्याला मापाचीही नसते, असा तुमचा हिशेब. तो कधी चुकतही असेल, पण दहा मिनिटांच्या गप्पांपेक्षा खासच बरा.

लेथवरचं तर एवढंच: चकची चावी. चक आवळल्यावर चावी हातातून सोडण्याआधी ती चकमधून बाहेर आली पाहिजे, मग कुणी हाक मारो की फोन वाजो. तुम्ही नेमकी त्या क्षणी हाक मारत होतात. चावी चकमध्येच ठेवून "ओ मेस्त्री" म्हणून वळलेला कितीही हुशार असला तरी तुमच्या यादीतून गेला. लेथ सुरू झाला की ती चावी कुठं जाऊन बसते हे ज्यानं एकदा पाहिलंय तो यावर वाद घालणार नाही. ज्याला हे शिकवायचं त्याला मशिनपासून लांब उभं करून शिकवावं, भरती करून मशिनवर नव्हे, हे तुमचं म्हणणं पटलं.

शेवटी तोंडी प्रश्न एकच. "शेवटचा जॉब कधी घालवलास आणि का?" म्हणजे नग कधी बिघडवलास. कधीच नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्यानं काम केलेलं नाही. एका पोरानं सांगितलं, बिडाच्या कास्टिंगमध्ये ८० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक, एच७ मापाचा, म्हणजे शून्य ते ०.०३० ची सूट. जॉब मशिनवरून काढला तो गरमच मोजला, गो गेज, म्हणजे भोकात गेलाच पाहिजे तो मापाचा दांडा, गेला म्हणून पुढं सोडला. संध्याकाळी तोच गेज अडला. वीसेक अंशांनी गरम असलेल्या बिडाचा ८० चा बोअर साधारण ०.०१७ नं मोठा दिसतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त सूट नुसत्या उष्णतेनं खाल्ली. पोराला आकडा माहीत नव्हता, पण "गरम मोजला, चूक माझी," हे त्यानं सरळ सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढचं नाव पुकारलंत. तो तिघांत आहे.

कामावरची निष्ठा म्हणजे मान मोडून राबणं, असा आपल्याकडं समज आहे. तुमच्या चाचणीत घाम कुणी मोजला नाही. मोजलं ते पुढच्या माणसासाठी काय ठेवून जातोस हे. वाइसवरचा, म्हणजे शिकंज्यावरचा, कीस ब्रशनं काढून जबडा पुसला का, की एअर गननं फुंकून शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि मशिनच्या स्लाइडमध्ये घातला?

हे पाळीबदलाला सगळ्यात महाग पडतं. दुपारच्या पाळीवाला इन्सर्ट, म्हणजे कापणारी बदलती कड, झिजलाय म्हणून मशिनला व्यासात ०.०३ वजा ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देतो आणि वहीत न लिहिता घरी जातो. सकाळचा येतो, कड बघून नवा इन्सर्ट लावतो, ऑफसेट तसाच. पहिलाच जॉब व्यासात ०.०३ नं कमी. व्यास जास्त असता तर पुन्हा एक कट घेता आला असता, कमी झालेला भंगारातच जातो. दोघंही कामसू, दोघंही वेळेवर येणारे, आणि नुकसान एका न लिहिलेल्या ओळीमुळं. म्हणून तुम्ही वहीत तीनच रकाने ठेवायला लावलेत: इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट किती दिला, शेवटचं माप काय आलं. आधी चौदा रकान्यांचा छापील फॉर्म होता. तो कुणी भरत नसे, महिनाअखेरीला एकाच पेनानं एकाच बैठकीत भरला जायचा.

आणि आता कानउघाडणीचे आभार. पोरांची निवड झाल्यावर तुम्ही ऑफिसात येऊन जे बोललात ते कुणा सल्लागारानं कधी सांगितलं नव्हतं. पहिला प्रश्न, "रात्री अकराला पाळी सुटल्यावर ही पोरं घरी कशी जाणार?" दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत गळती जास्त होती, आणि कारण म्हणून रजिस्टरात 'अनियमित' लिहिलं जात होतं. रात्री अकराला गावाकडं जायला बस नाही. ज्याच्याकडं दुचाकी नाही तो महिनाभर कुणाच्या तरी मागं बसून जातो, मग तो सोबती पाळी बदलतो, आणि हा 'कामचुकार' ठरतो. एका गावची दोन माणसं एकाच पाळीत टाकली की काम भागतं, इतकं साधं. तेच चैत्र पौर्णिमेचं. जोतिबाची यात्रा कधी आहे हे कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेलं असतं, तरी त्या दिवशी निम्मं शॉप रिकामं बघून मालक दरवर्षी नव्यानं थक्क होतात.

दुसरं, पगार. सात तारखेच्या आत पगार आणि जादा वेळेला दुप्पट दर, हा कायदा आहे, उपकार नव्हे. 'आपण सगळे एक कुटुंब' असा फलक लावून ओव्हरटाइम एकेरी दरानं देणारे कारखाने तुम्ही चाळीस वर्षांत किती पाहिलेत ते बोटांवर मोजून दाखवलंत, आणि बोटं संपली. पोर आठ मिनिटं उशिरा आलेलं दिसतं, पगार आठ दिवस उशिरा गेलेला दिसत नाही.

तिसरा तो लाल डबा. बिघडलेला जॉब ज्यानं त्यानं स्वतः लाल डब्यात टाकायचा, चिठ्ठी बांधून: मशिन, माप, कारण. आणि सुपरवायझरनं विचारायचं ते "कुठं बिघडला?", "कुणी बिघडवला?" नव्हे. हा एक शब्द बदलायला सगळ्यात जास्त दिवस लागले, अजूनही कधी कधी जुना शब्दच तोंडात येतो. एकदा का चारचौघांत कुणाची खरडपट्टी काढली, की दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा आणि रिजेक्शन चांगल्या मालाच्या तळाशी. ते मग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडतं आणि सगळा लॉट परत येतो. रिकाम्या लाल डब्याची भीती वाटायला हवी, म्हणालात.

हे सगळं आपल्या मुलखाला नवं आहे असंही नाही. इथून जवळच, कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कारखाना मांडला, तेव्हा हाताशी पदवीवाल्यांची रांग नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वसाहतीची रात्रीची राखण सोपवली गेली. सत्कार समारंभात हा दाखला हमखास येतो, त्यानंतर टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच बायोडाट्याचे गठ्ठे. लक्ष्मणरावांनी स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवलेलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. हातातलं काम कळत असलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या हातातला गुण दिसतो. हे भरतीचं काम ज्याला वाइस आणि व्हर्नियर कळतो त्याच्याकडं द्यायचं सोडून आपण कुणाकुणाकडं दिलं, याची आता लाज वाटते.

चांगुलपणा दुर्मीळ झालाय असं लोक म्हणतात. तो दुर्मीळ नाही, वेळखाऊ आहे. त्या आठ तुकड्यांवर मापं कोरायला तुम्हाला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात तुमचा चहा दोनदा गार झाला. निवडलेल्या तिघांना तुम्ही जाताना फक्त "सोमवारी सातला या," एवढंच म्हणालात. वेळ दिलात तो परत पाठवायच्या पोरांना.

नव्या बॅचसाठी पट्टी कापून ठेवली आहे, ५२ गुणिले ५२, बारा तुकडे. स्क्रायबरला धार लावून घेतली आहे. आणि तो ०.०६ चा व्हर्नियर तुम्ही सांगितल्याप्रमाणं लाल रंग लावून वेगळ्या खणात कुलपात ठेवला आहे, मागच्या आठवड्यात तो चुकून लाइनवर गेलाच होता. ज्यानं जबडे मिटवून पाहिलं आणि परत आणून दिला तो तुमच्या तिघांपैकी एक.

आपले,
दोन्ही पाळ्यांमधले सगळे