बाबा, ते वीस गुण

सोलापूर,
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही बोललात आणि मी नुसतं "बघते" म्हणून ठेवून दिला. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं तर स्टाफरूममधले सगळे माना वर करतात, आणि जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र. दादाला वाचून दाखवायला लावू नका. अक्षर मोठं काढलंय, चष्मा लावून तुम्हीच वाचा.

तुम्ही म्हणालात, "डाईंगमधल्या माझ्या जोडीदाराचा नातू तुझ्याच वर्गात आहे. अंतर्गत गुण तर तुझ्याच हातात असतात. जरा बघ पोराकडं." पोराकडं मी बघतेच की, बाबा. दर सोमवारी दुपारी तो माझ्यासमोर, खिडकीकडच्या ओट्यापाशी उभा असतो. पोरगा वाईट नाही. नम्र आहे, हुशारही आहे. पण घाई फार.

ते गुण कुठून येतात ते एकदा सांगते, कारण घरी सगळ्यांना वाटतं ते मॅडमच्या पर्समध्ये असतात. मोठा वाटा विद्यापीठाच्या परीक्षेचा, त्यात माझा हात नाही. माझ्याकडं रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे वीस. पहिल्याच तासाला ते फळ्यावर मांडते आणि पोरांना वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला लावते. चाचण्यांचे दहा, गृहपाठाचे पाच, जर्नलचे पाच. चाचण्या तीन घेते आणि चांगल्या दोन धरते. तिसरी का सोडायची, असं प्राचार्यांनीसुद्धा विचारलं होतं. तर कुणाची करमाळ्याची एसटी येत नाही, कुणाला ताप येतो, आणि कोजागरीला तर निम्मा वर्ग तुळजापूरला चालत गेलेला असतो. यंदाही दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला चौघंच होती, त्यातही एक लंगडत. आधी मी प्रत्येकाचं कारण ऐकून ठरवायचे, कुणाचं खरं, कुणाचं खोटं. मग रडणाऱ्याला मिळायचं आणि मोहोळहून रोज रेल्वेनं येणारी, कधी तोंड न उघडणारी पोरगी राहून जायची. आता एक चाचणी सगळ्यांचीच सुटते. मला न्यायाधीश व्हावं लागत नाही.

गणितात उत्तर चुकलं पण रीत बरोबर असेल तर पाचातले चार देते. एकक लिहिलं नाही तर अर्धा कापते. कॅल्क्युलेटरवर दिसले तेवढे सगळे आकडे उतरवले, 0.0873219 असे, तरी अर्धा जातो. पोरं भांडतात, "मॅडम, जास्त आकडे म्हणजे जास्त बरोबर ना?" ब्युरेट म्हणजे खुणांची, खाली तोटी असलेली काचेची नळी, तिच्यावरची खूण 0.1 मिलिलिटरची आणि उत्तरात सात आकडे, म्हणजे वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार. गुण पटले नाहीत तर आठवड्याच्या आत पेपर घेऊन यायचं, कुठलं उत्तर, का पटलं नाही, ते लिहून. नुसतं "मॅडम, दोन वाढवा" चालत नाही. पेपर अवघड गेला की "सगळ्यांनाच पाच-पाच द्या" हेही दर वर्षी येतं. प्रश्नच चुकला असेल तर सगळ्यांना देते, चूक माझी असते. अवघड गेला म्हणून नाही.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. शेजारच्या मुलीच्या गुणपत्रिकेत इंग्रजी ओ बघून तू तिला "पुढच्या वेळी होईल गं" म्हणून पाठीवरून हात फिरवला होतास ना? तो शून्य नव्हता. ओ म्हणजे आउटस्टँडिंग, सगळ्यात वरची श्रेणी, तिला 10 गुणांक. त्याखाली ए प्लसला 9, एला 8, बी प्लसला 7, बीला 6, सीला 5, काठावर पास म्हणजे पी, त्याला 4. शून्य फक्त एफला. ती बिचारी तुझ्यासमोर गप्प बसली, घरी जाऊन पोट धरून हसली असेल.

बाबा, तुमच्या काळचा फर्स्ट क्लास 60 टक्क्यांचा, एवढंच तुम्हाला ठाऊक. आता प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या क्रेडिटनं, म्हणजे त्या विषयाच्या वजनानं, गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. चार क्रेडिटला ए आणि दोन क्रेडिटला सी, म्हणजे आठ चोक बत्तीस, पाच दुणे दहा, बेचाळीस भागिले सहा, सात. तुम्ही हे तोंडी कराल, माझी पोरं मोबाईल काढतात. आणि सेमिस्टरला 15 तास शिकवलं की थिअरीचं एक क्रेडिट होतं, प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी 30 तास उभं राहावं लागतं. पोरांनी याचा अर्थ लावलाय की प्रॅक्टिकल म्हणजे अर्ध्या किमतीचा माल.

आता त्या पोराचं. गेल्या महिन्यात आम्ल-अल्कलीचं टायट्रेशन होतं, म्हणजे किती अल्कली लागली त्यावरून आम्लाची तीव्रता काढायची. पिपेटनं 10 मिलिलिटर आम्ल फ्लास्कमध्ये, अल्कली वरचढ झाली की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये 0.1 नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोडा, ती अल्कली. थेंब थेंब सोडायचं, फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. तीन वेळा करायचं आणि जमणारं रीडिंग घ्यायचं, त्याला पोरं सीबीआर म्हणतात. सीबीआर हा शब्द त्यांना बारावीपासून पाठ, आणि तो किती यायला हवा हेही पाठ, आदल्या वर्षीच्या जर्नलमधून. त्या दिवशी मी मुद्दाम आम्ल पातळ केलं होतं. रीडिंग 8.7 च्या आसपास यायला हवं होतं. हा ब्युरेट भरत होता आणि ओट्यावर उघड्या जर्नलमध्ये निळ्या पेनानं तक्ता आधीच भरलेला: 10.0, 10.0, 10.0. शाई वाळलेली. मी काही बोलले नाही. त्यानं पहिल्यांदा सोडलं तेव्हा 8.7 लाच गुलाबी झालं. त्यानं एकदा जर्नलकडं बघितलं, एकदा फ्लास्ककडं, आणि तोटी उघडून 10 पर्यंत सोडून दिलं. फ्लास्क गडद गुलाबी झाला, जास्वंदीसारखा.

त्या प्रयोगाला त्याला शून्य आहे. ज्या पोरीनं 9.1, 8.6, 8.7 लिहून शेजारी "पहिल्यांदा हात जड पडला" असं लिहिलं, तिला पैकीच्या पैकी.

बाबा, तुम्ही तराजूजवळ कसे उभे राहायचात ते मला आठवतं. शाळा सुटल्यावर डबा न्यायला मी अक्कलकोट रोडच्या डाईंगला, तुमच्या सूत रंगवायच्या कारखान्यात, यायचे तेव्हा तुम्ही हातानंच थांबवायचात, कारण काटा हलत असायचा. काटा थांबल्याशिवाय चिठ्ठीवर वजन लिहायचं नाही, मालक डोक्यावर येऊन उभा राहिला तरी. रंग तोळाभर इकडं-तिकडं झाला की चादरीचा लॉट एका छटेचा निघत नाही, असं तुम्हीच सांगायचात. सूत हौदातून पिवळट हिरवं निघायचं आणि वाऱ्याला धरलं की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. मी तो चमत्कार समजायचे. आता वर्गात शिकवते, हायड्रो नावाच्या रसायनानं रंगाचं क्षपण, म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया, होऊन तो पाण्यात विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा धाग्यात घट्ट बसतो. ऑक्सिडेशनचं दुसरं उदाहरण मी देतच नाही.

आणि एक गोष्ट, जी मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नाही. माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी सरांच्या घरी दोन चादरी गेल्या होत्या, मोराच्या डिझाइनच्या. आई, रागावू नकोस, तूच सांगितलंस, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री. मला पैकीच्या पैकी पडले आणि मला वाटलं, मला येतं. मी बी.एस्सी.ला गेले 2003 साली, तेव्हा आपली कॉलेजं कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली होती, सोलापूरचं 2004 मध्ये झालं. पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्युरेटमधल्या पाण्याची वळलेली कड वरून वाचायची की खालून, हे मला ठाऊक नव्हतं. बॅचमधली पोरं हसली. लॅबमधल्या मामांनी मागं पांढरा कागद धरला, माझं डोकं खाली दाबलं आणि म्हणाले, "डोळा कडेच्या रेषेत आण, खालची कड वाच." ते बिचारे सातवी शिकलेले. त्या आठवड्यात मी रोज रात्री रडायचे, आणि तुम्हाला वाटायचं मला कॉलेज लांब पडतंय म्हणून.

तुम्ही माझ्यासाठीच केलंत, हे आईनं सांगितलं तेव्हाही मला कळलं आणि आजही कळतं. तुमच्यावर राग नाही. पण त्या पोराला मी तसे गुण देणार नाही.

काकांना एवढं सांगा. सेमिस्टरला एक प्रयोग पुन्हा करायची मुभा सगळ्यांनाच आहे, अट एकच, मागायला स्वतः यायचं, घरच्यांचा फोन नको. येत्या शनिवारी दुपारी 2 वाजता लॅब उघडी असेल. आम्ल नवीन असेल आणि त्याची तीव्रता मी कुणाला सांगणार नाही. केलं तर पूर्ण गुण, उशिराचे कापणार नाही. हजेरी त्याची 75 टक्क्यांच्या वर आहे, तिथं काळजी नाही. अॅप्रन आणायला सांगा, मागच्या वेळी मित्राचा घालून आला होता, बाह्या कोपरापर्यंत. तुमच्या हातांवरचे कॉस्टिकचे डाग मी लहानपणापासून बघतेय, म्हणून अॅप्रनशिवाय मी कुणालाच आत घेत नाही.

बाकी इथं ठीक. पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतं, टाकी भरून ठेवलीय. आई, तुझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय, दादा पुढच्या आठवड्यात येतोय, हुतात्मा एक्स्प्रेसनं परत जाताना घेऊन येईल. चटणीत तिखट कमी आहे, बाबांच्या पित्तासाठी, चोरून वरून घालू नकोस. बाबा, कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन या. मशीन लावलं की पुढच्या वेळी फोनवर भांडू.

तुमची,
बेबी