आखाजीच्या दुपारी फुईकडे, माझ्या आत्याकडे, बघणाऱ्या वहिनींना

वहिनी, सप्रेम नमस्कार.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, माहेरपण आटोपून मला नाशिकला परत येऊन पंधरा दिवस झाले. निघताना तुमच्या दारावरून गेले, तर तुम्ही लसीकरणासाठी पलीकडच्या वस्तीवर गेला होतात. भेट राहूनच गेली. खरं तर समोर उभी राहून मला एवढं बोलताही आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

गाव तुम्हाला आशाताई म्हणतं. मी गावची लेक आणि तुम्ही गावची सून, म्हणून माझ्यासाठी तुम्ही वहिनीच.

त्या दुपारी निंबाला झोका बांधला होता. झाडाच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं आहे, हे दोर टाकणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आग्या मोहोळ असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. फांदी करकरली आणि माश्या उठल्या. माझ्या सहा वर्षांच्या लेकाला चार ठिकाणी डंख बसले, त्यातला एक कानामागे. त्याचा आरडाओरडा ऐकून अख्खी गल्ली गोळा झाली.

मी चिमटा शोधायला घरात धावले. बाहेर येऊन बघते तर तुम्ही अंगठ्याच्या नखाने तीन काटे खरवडून काढलेले होते. चौथा तुम्ही मला दाखवला. काळ्या धाग्याएवढा काटा आणि त्याला चिकटलेली बारीकशी पांढरट पिशवी, तीही अजून आकसत होती. "माशी गेली तरी हे आत विष सोडत राहतं. चिमट्याची वाट बघायची नाही," असं म्हणत तुम्ही तोही खरवडलात. मग म्हणालात, "पिकल्या केळीसारखा वास येतोय ना? डंखातून येतो तो. त्या वासावर बाकीच्या धावून येतात. चला, आधी इथून हला." केळीच्या बागांत वाढलेली मी, पण त्या वासाचा हा अर्थ मला पहिल्यांदाच कळला.

आजी चुन्याची डबी घेऊन आली होती. कुणी विळा घासायला सांगत होतं, कुणी तुळशीतली माती आणायला धावलं होतं. तुम्ही कुणावरच खेकसला नाहीत. आजीला म्हणालात, "चुन्यानं पोराची कातडी भाजेल. आमरसासाठी आणलेला बर्फ फडक्यात गुंडाळून द्या बरं." आजी बर्फ घेऊन आली आणि डबी कनवटीला गेली. डंख साबण-पाण्याने धुतले, बर्फाचं फडकं दहा-दहा मिनिटं धरलं आणि पोराचं रडं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याचा हात जास्तच सुजला. मी घाबरून फोन केला, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की दोन दिवस सूज वाढू शकते, एवढ्यावरून ते पिकलं असं होत नाही. मात्र ताप आला किंवा लाली पसरतच राहिली, तर दाखवायचं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

पण हे पत्र माझ्या लेकासाठी नाही.

सगळं घर पोराभोवती जमलेलं असताना फुई ओट्यावर एकटी बसली होती. तिला एकच माशी चावली होती, मनगटावर. दोन वर्षांपूर्वी बागेत चावली तेव्हा नुसता हात सुजला होता, म्हणून तिने कुणाला सांगितलंही नाही. तुम्ही मान वळवून तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पोऱ्या बरा से. फुईकडे देखा."

तिच्या गळ्यावर आणि पोटावर गांधी उठल्या होत्या. ओठ जाड झाले होते, आवाज घोगरा झाला होता आणि तिला चक्कर येत होती. कुणीतरी ॲलर्जीची गोळी पुढे केली, "ही घेतली की बरं वाटेल." तुम्ही ठामपणे सांगितलंत, "गोळीनं खाज थांबेल, श्वास नाही मोकळा व्हायचा. हिला इंजेक्शन लागणार." १०८ ला फोन केला. गाडीला वेळ लागेल म्हटल्यावर शेजारच्या काकांची गाडी दारात आणली. तिला उठवून बसवू दिलं नाहीत, पाणीही पाजू दिलं नाहीत. आडवं निजवून पाय उशीवर ठेवलेत.

आणि त्या धावपळीत तुम्हाला तिच्या बांगड्या दिसल्या. आखाजीसाठी आदल्याच दिवशी भरलेला, घट्ट बसलेला चुडा. हात फुगायच्या आत साबण लावून तुम्ही एकेक बांगडी उतरवलीत. शेवटची काही केल्या निघेना. सणाच्या दिवशी सवाष्णीची बांगडी वाढवायची म्हणून आजी कळवळली. तुम्ही फुईच्या डोळ्यांत बघून विचारलंत, तिने मान हलवली, आणि मगच ती वाढवलीत.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात तिचा श्वास मोकळा झाला. काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, एका डंखानेही असं होतं, आणि आधी कधी झालं नव्हतं यावर विसंबता येत नाही. आता पुन्हा कधी माशी चावलीच, तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा, हे तिला पक्कं सांगितलंय.

वहिनी, ओरडणाऱ्या पोराकडे सगळेच धावतात. गप्प बसलेल्या बाईकडे तुम्ही बघितलंत. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून माझी वेणी घालणारी, मला शाळेत सोडणारी, माझ्या लग्नात आईच्या जागी बसलेली बाई म्हणजे ही फुई. म्हणून तुमच्या त्या मान वळवण्याचं मोल मी कशात करू?

काल फुईचा फोन आला होता. मनगटावर आता काही उरलेलं नाही, म्हणाली. कासाराकडे जाऊन तिने नवा चुडा भरला आणि त्यातलेच हिरवे डझनभर तुमच्यासाठीही घेतलेत. तुमच्या हाताचं माप ठाऊक नाही, म्हणून दुकानदाराला बदलून द्यायला सांगून ठेवलंय. ती येईल तेव्हा घरी असा.

तुमची,
गावची नणंद