ती. आजींस : माती करायला शिकवल्याबद्दल

ती. आजींस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. थेट घरी पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण हातभर गॅलरीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात भाजी लावू पाहणाऱ्या कुणाच्याही हाती ते पडावं, म्हणून उघडच लिहिते आहे. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक आहे. या वेळी मात्र ऐकून घ्या.

तुम्ही कुडाळहून डोंबिवलीला लेकाकडे राहायला आलात, तेव्हा आमच्या सोसायटीत माझ्या गच्चीवरच्या भाजीवरून चर्चा चालू होती. मातीचं ओझं नको, स्लॅब गळेल, असं कमिटीचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. ओल्या मातीने भरलेला ड्रम दोघांना हलत नाही. नर्सरीतून लाल मातीची पोती मागवायचा विषय निघाला आणि तुम्ही लिफ्टपाशी थांबून म्हणालात, "माती कित्याक इकत आणतंस गो? माती करूची असता."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कामाला लावलंत. फळवाल्याकडचे प्लास्टिकचे क्रेट, नारळाची सोडणं, आवारातल्या बदामाचा आणि आंब्याचा सुका पाला, कोपऱ्यावरच्या रसवंतीची चिपाडं. चिपाडं आधी पाण्यात भिजवून त्यांचा गोडवा काढायचा, नाहीतर मुंग्या लागतात. क्रेटच्या तळाशी सोडणं ठेवायची ती पोकळ बाजू वर करून, म्हणजे त्या वाटीत पाणी धरलं जातं. तुमच्याकडे माडाच्या आळ्यात सोडणं पुरतात ती अशीच. वर चुरलेला पाला, मग भाजीची देठं-सालं, पुन्हा पाला. वास आला तर ओलं जास्त झालंय, सुकं घाल. आठवडे गेले तरी काहीच कुजत नसेल तर सुकं जास्त झालंय. एवढ्यावर सगळा हिशेब. शेवटी जुन्या वडाखालची मूठभर माती तुम्ही त्यावर भुरभुरवलीत आणि म्हणालात, हे विरजण. दूध आपलं, दही करणारं बाहेरून येतं. काही महिन्यांनी तो भरलेला क्रेट निम्म्यावर बसला होता आणि आतला पाला काळाभोर, भुसभुशीत झाला होता. मी एका हाताने तो उचलू शकत होते. क्रेट विटांवर ठेवायचे म्हणजे खालची फरशी कोरडी राहते, हेही तुम्हीच सांगितलंत. कमिटीची हरकत तिथे संपली.

पुढे मी कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराविषयी, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाविषयी, वाचलं. १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ १० लिटर पाण्यात कालवायचं, तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दसपट पाणी घालून त्यात सुका पाला भिजवायचा आणि त्याची माती होऊ द्यायची. हे तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "शाणो माणूस." त्या दोन शब्दांत केवढा मान होता!

तुमच्या घरात पाणी एकदा वापरून संपत नाही, हे मी रोज पाहायचे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी माठाला आणि मिरचीला. मासे धुतलेलं पाणी लिंबाला. आंबट ताक कढीपत्त्याला. एसीच्या नळीतून दिवसभर टपटपणारं पाणी तुम्ही रंगाच्या जुन्या बादलीत सोडलंत आणि त्या बादलीत अळू लावलंत. बादलीला भोक पाडू दिलं नाहीत. गावी अळू मोरीच्या पाण्यावरच वाढतं, त्याला पाय ओलेच लागतात, असं म्हणालात. फक्त पाणी वर साचून डास होऊ नयेत म्हणून चिखल काठोकाठ ठेवायला लावलात. त्या बादलीतल्या पानांच्या अळूवड्या या मजल्यावरच्या सगळ्यांनी खाल्ल्या आहेत.

दुधीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. वेलीला फुलं भरपूर, आणि बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळत होते. मी औषधाची बाटली विकत आणणार होते. तुम्ही मला दिवेलागणीला वर बोलावलंत. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. लांब देठाचं फूल नर, आणि ज्याच्याखाली इवलासा दुधी असतो ते मादी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पराग मादी फुलाला हलकेच लावायचा. इतक्या उंचीवर, इतक्या दिव्यांत पाखरू येईल याचा भरवसा नाही, म्हणून ते काम आपण करायचं. गळ थांबली. पडवळाच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधून ते सरळ लोंबतं ठेवायलाही तुम्हीच शिकवलंत. शेजारची मुलं रोज शाळेतून आली की ते मोजायची.

आणि तुमची राख. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घरात राख कुठली? तुम्ही खालच्या इस्त्रीवाल्याशी बोलून लोणारी कोळशाची राख मिळवलीत. पहाटे पानं दवाने ओली असताना ती मावा ही कीड पडलेल्या शेंड्यांवर फुंकायची. उरलेली राख बियांना. वेलीवरचा सगळ्यात चांगला दुधी खायचा नाही, तो सुकून आत बिया खुळखुळेपर्यंत ठेवायचा, हे मला अवघड गेलं, पण तुम्ही हटला नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली गावठी बियाणी जपण्याच्या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली; त्यांचं काम मी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता. संकरित बियाण्याचं फळ धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच उगवेल याची खात्री नसते. तुमच्या पुरचुंडीतलं गावठी वाण मात्र आमच्याकडे दरवर्षी तेच फळ देतं आहे.

वॉचमनदादांबद्दलही लिहायलाच हवं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर मनाई केली, तरी आमच्या आवारात दर हिवाळ्यात पाला पेटायचा. तुम्ही त्यांच्याशी भांडला नाहीत. रिकामी पोती दिलीत आणि पाला वर मागवलात. पहिल्या लाल माठाची जुडी त्यांच्या घरी गेली. आता पोती भरली की तेच हाक मारतात.

तुम्ही कुडाळला परत गेलात, त्यानंतर ब विंगच्या गच्चीवरही क्रेट आले आहेत. तुमच्यासारखंच मी पावसाळ्यात भाजीला उंचवटा करते आणि उन्हाळ्यात आळं. लोक मला विचारतात, तेव्हा मी तुमचं नाव सांगते. ज्यांना राख हवी त्यांना इस्त्रीवाल्याकडे पाठवते.

एक मागणं आहे. पडवळाचं आणि गावठी तवशाचं (काकडीचं) बी मृगाच्या आधी कुणाबरोबर तरी पाठवाल का? इथे पुष्कळांनी मागितलं आहे, आणि माझ्याकडचं पुरणार नाही. जमलं तर बियांबरोबर तुम्हीही या. रसवंतीवाला दर भेटीत तुमची चौकशी करतो, आणि अळूची बादली आता लहान पडू लागली आहे. दुसरीत कोणते कंद हलवायचे, ते तुम्ही पाहून सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची