चाड्यावरची मूठ

औसा तालुका, जि. लातूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय सखे,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू माझे अभिनंदन केलेस आणि पार्टी कधी देतेस म्हणून विचारलेस, तेव्हा मी हसून विषय टाळला. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या आणि मला जे सांगायचे होते ते त्यांच्यादेखत बोलण्यासारखे नव्हते. सातबाऱ्यावर माझे नाव लागले, हे खरे आहे. पण ते कसे लागले आणि लागल्यावर मनात काय सलत राहिले, हे तुला सांगितल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

तुला आठवत असेल, कॉलेजात असताना मला शेतीतले ओ की ठो कळत नव्हते. वडिलांची शेती असूनही आम्हा मुलींना रानात फक्त येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणालाच, न्यायचे. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच मृगात सासूबाईंनी माझ्या ओटीत बी बांधले व मला तिफणीमागे उभे केले. चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरणे हे बघताना अगदी सोपे वाटते. बैल पुढे चालत असतात आणि आपण मागून चालता चालता मुठीतले दाणे बोटांच्या फटीतून चाड्यात सोडायचे असतात, तेही असे की तिन्ही नळ्यांत सारखे पडावेत. मूठ आवळली की तास, म्हणजे पिकाची ओळ, विरळ होते, सैल सुटली की दाट. त्या वर्षी मधमाशी चावली म्हणून मी पाच-सहा पावले हात थांबवला, आणि पंधरा दिवसांनी रान हिरवे झाले तेव्हा तेवढाच पट्टा उघडा राहिला. येणाराजाणारा बांधावर थांबून विचारी, "मूठ कुणाची होती?" पीक चांगले आले तर मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही, तेव्हा पीक मालकाचे असते.

आता पेरणी ट्रॅक्टरने होते आणि चाडे माळ्यावर धूळ खात पडले आहे. बाकीची कामे आहेत तशीच आहेत. खुरपणी बायांची, सोयाबीनची काढणी बहुतेक बायांची, बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाची गंजी, लावताना पेंढ्या वाहून आणणे बायांचे, आणि मळणीयंत्राच्या तोंडाशी नाकाला पदर बांधून भुसा ओढणेही बायांचेच. आमच्या गावात रोजगारी बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे मिळतात. गड्याचे काम जड असते असे त्याचे कारण सांगतात. ज्याने भर उन्हात दिवसभर उकिडवे बसून खुरपले आहे, त्याच्या तोंडून हे कारण मी अजून ऐकलेले नाही.

नावाचा विषय निघाला तो २०२३ च्या जूनमध्ये. हे ट्रॅक्टरवरून पडले, मांडीचे हाड मोडले आणि ऐन पेरणीत दोन-अडीच महिने खाटेवर राहिले. बियाणे आणण्यापासून फवारणीपर्यंत सगळे मीच केले, आणि त्याची मला धास्ती वाटली नाही, कारण त्यातले बरेचसे मी आधीही करतच होते. धास्ती वाटली ती कागदांची. पीककर्ज नवे-जुने करायला एका बँकेत गेले, तर खिडकीपलीकडच्या साहेबांनी मान वर न करता विचारले, "खातेदार कुठे आहेत?" दवाखान्यात आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बरे झाल्यावर पाठवा." ई-पीक पाहणीसाठी मोबाईल घेऊन गुडघाभर सोयाबीनमध्ये मी उभी राहिले, फोटो मी काढला, आणि पडद्यावर नाव आले यांचे. सोयाबीन आडतीवर नेले तर हिशोबपट्टीही यांच्याच नावाने फाटली. यात कोणी माझ्याशी वाईट वागले असे नाही. त्यांच्या दप्तरात मी नव्हतेच, एवढेच.

त्या दिवाळीत हे स्वतःहून म्हणाले, "एक एकर तुझ्या नावावर करू." यामागे फार मोठा विचार होता असा गैरसमज करून घेऊ नकोस, पुन्हा पडलो तर घराचे हाल होतील, हा साधा हिशोब त्यामागे होता. आमच्या गावात शेतकरी संघटनेचे एक जुने कार्यकर्ते आहेत. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाची गोष्ट ते अजून काल घडल्यासारखी सांगतात. त्यांच्याकडून कळले, की संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला होता, त्यात शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली, आणि पुढे १९९२ साली सरकारनेही त्या नावाची योजना काढली. नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. म्हणजे मी इथे सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून ही सोय होती, आणि तिचा साधा उच्चारही कोणी माझ्यापुढे केला नव्हता! तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे) अर्ज दिला, फेरफाराची नोटीस लागली, कोणाची हरकत आली नाही, आणि गेल्या वर्षी नाव लागले. देशभरातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका शंभरात चौदाच्या आसपास आहेत, असे २०१५-१६ च्या कृषिगणनेत निघाले होते. त्या चौदांत आता मीही आले.

त्या एकरात मी सोयाबीन घेतले नाही. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात काम सुरू केले, हे तुला ठाऊक असेल. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईने स्वतःच्या निर्णयाने करावा, त्यात आधी घराला लागणारे धान्य आणि भाजीपाला घ्यावा, असे त्यांच्या बाया सांगतात. मी तूर, मूग, गवार, भेंडी आणि कडेने अंबाडी लावली. हे म्हणाले, "भाजीपाल्याने काय होणार?" खरे सांगायचे तर फार काही झालेले नाही, आठवडी बाजारात चार-पाचशेची विक्री होते आणि वर्षभर भाजी विकत आणावी लागली नाही, इतकेच. उरलेल्या चार एकरांत मात्र २८ क्विंटल सोयाबीन झाले. त्याचा हमीभाव होता ४८९२ रुपये आणि आम्ही विकले ४१५० ने. आधी ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा अशी अट होती. ती १५ वर नेली तेव्हा नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि आमचे देणे त्याआधीच दारात उभे होते. वीस हजारांवर रुपये असे गेले. लाडक्या बहिणीचे जुलैपासूनचे सहा हप्ते मिळून नऊ हजार माझ्या खात्यात आले, हे मी नाकारत नाही. पण तेच पैसे सोयाबीनच्या भावातून आले असते तर ते माझ्या घामाचे आहेत असे म्हणता आले असते.

आता सलणाऱ्या गोष्टीकडे येते.

२०११ मध्ये, वडील गेल्यानंतर, माझे दोन्ही भाऊ गाडी घेऊन मला न्यायला आले होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठाही दिला, बाहेर हॉटेलात जेवलो आणि येताना त्यांनी मला इरकल साडी घेतली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला आहे, हे मी वाचलेले होते. तरी सही केली, कारण सही केली नसती तर पुढच्या पंचमीला मला न्यायला कोण आले असते? हे दुःख मी तुला पूर्वी एकदा सांगितले आहे. मात्र पुढचे कधी सांगितले नाही. तीन वर्षांनी माझे सासरे गेले, तेव्हा माझ्या दोन्ही नणंदांना आम्ही तसेच बोलावून घेतले. त्या दिवशी पुरण मी शिजवले आणि दोघींच्या साड्या लातूरला जाऊन मीच निवडल्या. रंगही त्यांच्या आवडीचे निवडले. सासऱ्यांची बारा एकर, वारस पाच. सरळ पाच वाटे धरले, तर आज माझ्या नावाने निघणाऱ्या एकरातले सोळा गुंठे त्या दोघींचे आहेत.

यंदा वेळा अमावस्या ३० डिसेंबरला होती. रात्री दोनला उठून भज्जी, उंडे, खीर, आंबील असे सगळे केले आणि डोक्यावर घेऊन रानात गेलो. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडले, यांनी "ओलगे ओलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडले. थोरल्या नणंदबाई बऱ्याच वर्षांनी आल्या होत्या. जेवणे झाल्यावर त्या माझ्या तुरीतून फिरू लागल्या आणि चालता चालता, कोणी न सांगता, वाटेतले तण उपटत गेल्या. मी मागोमाग गेले आणि त्यांना सोळा गुंठ्यांचा हिशोब सांगितला. का सांगितला, ते मलाही नीट उमगलेले नाही. त्या कितीतरी वेळ हातातल्या तणाची माती झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कागद माघारी फिरतो का, वहिनी?"

मला उत्तर देता आले नाही. घरात हे अजून कोणालाच माहीत नाही. कळले तर सासूबाई काय म्हणतील आणि दीर काय करतील, याची मला पुरती कल्पना आहे. तुझ्या शेजारी दिवाणी कोर्टात काम करणारे एक वकील राहतात असे तू मागे म्हणाली होतीस. नोंदणी झालेल्या हक्कसोडीनंतर मी माझ्या एकरातला काही भाग नणंदांना देऊ शकते का, सहहिस्सेदार असताना त्यासाठी यांची सही लागेल का, आणि खर्च किती येईल, एवढे त्यांना विचारून मला कळव. जमले तर माझ्या स्वतःच्या २०११ च्या कागदाबद्दलही विचार. पण ते मागाहून.

उत्तर पत्रानेच पाठव. फोन ओसरीवर असतो.

तुझी,
मैत्रीण