साथीची नव्हे, कामाची कादंबरी

संपादक महोदय,

लिंग मा यांच्या ‘सेव्हरन्स’ या इंग्रजी कादंबरीचं नाव निघालं की बोलणं करोनावर जातं. कादंबरीत जगभर साथ पसरते आणि शहरं ओस पडतात. कादंबरी 2018 ची, करोना नंतरचा. म्हणून ‘हिला आधीच कसं कळलं’ एवढ्यावरच चर्चा संपते. मी तीस वर्षं लोअर परळच्या एका छापखान्यात काम केलं. मला त्या पुस्तकात आमचं काम दिसलं आणि त्याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

नायिका कँडेस चेन न्यूयॉर्कमध्ये नोकरी करते. बायबल छापून घेणं हे तिचं काम. गिऱ्हाईक अमेरिकेत, छपाई चीनमध्ये. बायबलचा कागद मी हाताळलेला आहे. इतका पातळ की पाठची ओळ पोटावर दिसते आणि घडी घालताना सुरकुती पडली की अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा ताव, वाया. तिच्याकडे एका बायबलची ऑर्डर येते, सोबत रत्नाचा खडा द्यायचा असतो. खडे घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत धूळ बसते आणि काम थांबतं. गिऱ्हाईक हळहळतं, पण माल हवाच म्हणतं. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. गुजरातेत खंभातला अकीक दगड घासणारे सिलिकोसिसने, म्हणजे फुप्फुसांत अशीच धूळ बसून, खंगतात, ते फार लांब नाही.

पुढे शहर ओस पडतं. कंपनी कँडेसला मोठी रक्कम देऊ करते, अट एकच: ठरलेल्या तारखेपर्यंत ऑफिसात यायचं. ती येत राहते. ‘वेडी आहे का ही,’ असं आमच्या वाचनालयात एकजण म्हणाला. मला तसं म्हणवलं नाही. एप्रिल 2020 पासून औषधांची खोकी छापायला आम्ही आठजण अडतीस दिवस छापखान्यातच राहिलो. रोजचा जादा भत्ता होता आणि माझ्या डोक्यावर घराचं कर्ज होतं. रात्री पुठ्ठ्याच्या थप्पीवर चादर टाकून झोपायचो. बायकोशी फोनवर बोलताना मशीन चालू असायचं, तिला अर्धं ऐकूच जायचं नाही. बायंडिंगचा मुलगा मात्र थांबला नाही. जौनपूरला निघाला, चालत. त्याची सरसाची बादली तशीच वाळून गेली. भत्ता पुढे निम्माच मिळाला. तो राग अजून आहे.

कँडेसच्या आईवडिलांचा भाग तर मी दोनदा वाचला. ते आधी अमेरिकेला जातात, मुलगी चीनमध्येच, फूचौला आजी-आजोबांकडे राहते आणि सहाव्या वर्षी त्यांच्याकडे पोचते. माझे वडील गिरणीत, आई त्यांच्यासोबत लालबागला, मी राजापूरजवळ आजीपाशी. मला मुंबईला आणलं तेव्हा आईला हाक काय मारायची तेच सुचेना. असं कोकणातल्या किती घरांत झालंय! स्थलांतर म्हटलं की आपण विमानतळच का डोळ्यांसमोर आणतो?

‘सेव्हरन्स’ म्हणजे नोकरी सुटताना हातावर ठेवतात ती रक्कम, आणि तुटणंही. आमच्याकडे ‘त्याचा हिशेब केला’ म्हणत. हा शब्द माहीत असलेल्या माणसांनी ही कादंबरी वाचायला हवी, आणि त्यांतले बहुतेक इंग्रजी वाचत नाहीत. मी स्वतः शब्दकोश शेजारी ठेवून चार महिने वाचत होतो. आपल्या रविवार पुरवणीने तिच्यावर सविस्तर लिहावं, आणि एखाद्या प्रकाशकाने ती मराठीत आणावी. प्रुफं मी तपासून देईन, मोबदला नको.

– एक निवृत्त छपाई पर्यवेक्षक, डोंबिवली