शाल घ्या, खुर्ची सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला तो लेख वाचला. लगेच लिहायला बसलो होतो, पण यंत्र हाताशी असतेच म्हणून रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १६८. पेन खाली ठेवले. आज सोमवारी सकाळी १४४ आहे, तेव्हा भाषा छापण्याजोगी राहील अशी आशा आहे. मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्ये आपण कापली होतीत, हेही लक्षात आहे.

लेखक महाशय रुग्णालयांना व्यवस्थापनाचे सल्ले देतात असे खालच्या चौकटीत म्हटले आहे. देवोत बापडे. त्यांच्या मते सत्तरीपुढच्या फॅमिली डॉक्टरांना नवे तंत्र झेपत नाही. त्यांनी सन्मानाने बाजूला व्हावे आणि तरुणांना मार्गदर्शन करावे. शेजारी चित्र: टक्कल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात काळी बॅग. मी ७२ वर्षांचा आहे, केस शाबूत आहेत आणि माझी बॅग तपकिरी आहे.

बाकीचे सगळे गिळले असते. पण 'सन्मान' आणि 'मार्गदर्शन' हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझे डोके फिरते. त्याचे कारण सांगतो.

आमच्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी २७ वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसत असे. मानधन नव्हते, मागितलेही नाही. दोन वर्षांपूर्वी १ जुलैला, डॉक्टर दिनाला, त्यांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात मी एकाच परिच्छेदात वटवृक्षही होतो आणि दीपस्तंभही. मला भरून आले होते, खोटे कशाला बोलू? घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ही अकरावी शाल. आता कोणीतरी घोंगडी द्यायला पाहिजे."

पुढच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे गेलो. माझ्या टेबलावर संगणक होता, संगणकामागे तिशीचा एक मुलगा होता आणि दारावरच्या पाटीच्या जागी चार स्क्रूची भोके होती. व्यवस्थापक लगबगीने आले. "सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आता तुम्ही फक्त मार्गदर्शन करायचं." कोणाला, कोणत्या वारी, कुठल्या खुर्चीवर बसून, हे ते बोलले नाहीत. आजतागायत कोणी बोललेले नाही. दोन वर्षे मी मार्गदर्शनाच्या तयारीत आहे.

बाहेर बाकावर कर्नाटकातल्या अथणीकडची एक म्हातारी बसली होती. मिरजेत प्रॅक्टिस करायची तर कन्नड यावेच लागते. माझे कन्नड दुखते कुठे, जेवण झाले का आणि गोळ्या घेतल्या का, एवढ्यापुरते पक्के आहे. ती मला पाहून उठली आणि आपल्या मुलाला म्हणाली, "डॉक्टर बंद्रु." म्हणजे, डॉक्टर आले. मी तिला सांगितले की आजपासून आतले डॉक्टर. ती गेली आणि पाच मिनिटांत हातात तपासण्यांचा कागद घेऊन बाहेर आली. मला, कबूल करतो, जरा बरे वाटले. म्हटले, चला, सुरू झाले यांचे.

आता जे लिहितो आहे ते आपल्या लेखकांना आवडेल. त्या कागदात थायरॉइडची तपासणी होती. टीएसएच, जो साडेचार-पाचच्या आत असायला हवा, तो सत्तरच्या पुढे निघाला, म्हणजे थायरॉइड ग्रंथी पार मंदावलेली. ती बाई दोन वर्षे माझ्याकडे येत होती. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा, चालणे मंद, थंडी सोसेना. आणि मी तिला दोन वर्षे काय सांगत होतो? "आजी, वय झालं." दर महिन्याला पाहणाऱ्याला चेहरा बदललेला दिसत नाही हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात, १९७० च्या दशकात. वर्गात ऐकले, वहीत लिहिले आणि पन्नास वर्षांनी स्वतःच्या टेबलावर विसरलो. त्या तिशीच्या डॉक्टरने तिला पहिल्यांदाच पाहिले, म्हणून त्याला दिसले. मी त्याला फोन करून शाबासकी दिली. तो बिचारा घाबरला. त्याला वाटले, म्हातारा भांडायला आला.

म्हणजे तरुण डॉक्टर नको असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की मला एक आठवडा आधी सांगायला हवे होते. "डॉक्टर, जागा लागते आहे, तुम्ही उठा." मी उठलो असतो. शाल कशाला? बैलाला पोळ्याच्या दिवशी झूल घालतात, पण निदान दुसऱ्या दिवशी त्याला कामाला तरी जुंपतात.

खरे तर हे सगळे मला फार राग येण्यासारखे नाही, कारण मीही तेच केले आहे. १९७९ साली मी दवाखाना टाकला तेव्हा समोरच एक एलसीपीएस, म्हणजे जुनी वैद्यकीय पदविका, झालेले वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्याकडे लाल मिक्श्चरची बाटली, बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी आणि स्टोव्हवर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा. मी नवा एमबीबीएस, दारात नवी स्कूटर. आम्ही चार-पाच तरुण डॉक्टर त्यांना आपसात 'मिक्श्चर' म्हणायचो.

एकदा सांगलीच्या हळद बाजारातला एक हमाल माझ्याकडे आला. चार दिवस ताप, उलट्या, अन्नावर वासना नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मी हिवतापाचे क्लोरोक्विन दिले. उतार पडेना म्हणून तो समोर गेला. त्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारले, "विडी ओढतोस न्हवं? आज किती झाल्या?" तो म्हणाला, "न्हाई डागदर, चार दिस झालं, वासच नको वाटतुया." डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे होतील. तेलकट बंद, दारू बंद, कामावर जायचं नाही." तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. पट्टीच्या विडीवाल्याला विडी नकोशी झाली की काविळीचा संशय घ्यावा, हे पुस्तकात एका ओळीत होते. मी ती ओळ वाचलीही होती. पण हळद बाजारातल्या हमालाचे सदरा, पटका, नखे सगळेच पिवळे असते. मला त्याच्याकडे बघून कावीळ सुचायची कशी?

त्या डॉक्टरांना मी काही विचारले नाही, आभारही मानले नाहीत. पुढे त्यांचा सत्कार झाला. वर्गणी गोळा करणाऱ्यांत मी होतो, भाषणही माझेच होते. 'आता तुम्ही विश्रांती घ्या, आम्हाला मार्गदर्शन करा.' शाल पांघरताना त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला चाळीसेक वर्षे लागली.

असो. लेखक म्हणतात, आम्ही बदलत नाही. मधुमेह पाहायचा तर पाच मिली बेनेडिक्टच्या द्रावणात आठ थेंब लघवी टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि निळ्याचे हिरवे होते की विटकरी हे पाहायचे, इथून मी सुरुवात केली. आज माझे रुग्ण दंडाला चिकटवलेल्या, साखर मोजणाऱ्या चकतीचा आलेख मला मोबाइलवर पाठवतात, तोही रात्री साडेअकराला, आणि मी तो वाचतो. एचआयव्हीची भीती आली तशा काचेच्या सिरिंजा गेल्या. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला ग्राहक कायद्याखाली आणले, तसे आम्ही दोन ओळींच्या चिठ्ठीऐवजी पानभर टिपणे ठेवू लागलो. फोनवरून तपासण्याचे नियम २५ मार्च २०२० ला आले. त्याच महिन्यापासून आमच्यासारख्या पासष्टीपुढच्यांनी घरात राहावे असा सल्लाही होता, आणि गल्लीतले लोक दारात उभे राहून म्हणत होते, "डॉक्टर, तुम्ही तेवढा दवाखाना बंद करू नका." मी बंद केला नाही. त्या वर्षी मला कोणी वटवृक्ष म्हटले नाही, बाजूला हो असेही म्हटले नाही.

शिवाय महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, त्यासाठी परिषदा-व्याख्याने ऐकून ३० गुण जमवावे लागतात. ते मीही जमवतो. पहिली रांग मात्र 'ज्येष्ठांसाठी राखीव' असते आणि ती नेमकी एसीच्या झोताखाली असते.

सत्तरीनंतर डॉक्टरांची तपासणी व्हावी, हा लेखातला एक मुद्दा मला मान्य आहे. मी माझी करून घेतली. उंच पट्टीचे आवाज मला आता नीट ऐकू येत नाहीत. फुप्फुसातली बारीक करकर निसटते. म्हणून आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप घेतला, आणि लहान मुलाच्या छातीत शंका आली की शेजारच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञ मुलीकडे सरळ पाठवतो. मागच्या वर्षी एका चिठ्ठीवर डोस चुकीचा लिहिला गेला. केमिस्टने फोन केला म्हणून निभावले. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर नवा रुग्ण घेत नाही. फक्त मग ही तपासणी सगळ्यांचीच करा. सलग छत्तीस तास ड्यूटी करून उभ्या असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या निवासी डॉक्टरची नजर आणि हात कोणी तपासतो का? तो तरुण आहे, एवढे पुरते?

जाता जाता आणखी एक. म्हाताऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा असे सांगणाऱ्या त्या लेखाच्या बरोबर खाली, त्याच पानावर, पाव पान जाहिरात आहे: 'गुडघेदुखी, संधिवात, मधुमेह मुळापासून बरे, ४१ दिवसांत गुण.' ती जवळजवळ दर रविवारी असते. अशा जाहिराती छापू नयेत असा कायदा या देशात १९५४ पासून आहे. आपल्या कायदा विभागाला माहीत असेलच. गेल्या आठवड्यात माझा एक जुना रुग्ण आला. उपाशीपोटी साखर वर्षभर १३० च्या आसपास असायची, ती २६० झालेली. चेहरा चंद्रासारखा वाटोळा, गुडघे मात्र झकास. काय घेतोस विचारले तर म्हणाला, "काही नाही." तिसऱ्यांदा विचारले तेव्हा पिशवीतून डबी काढली. आपल्याच पानावर पाहून मागवलेले चूर्ण. ही सगळी लक्षणे पाहता चूर्णात स्टेरॉइड घातले असावे असा माझा अंदाज आहे. प्रयोगशाळेचा कागद हाती येईपर्यंत त्यापुढे काही म्हणत नाही. अर्धे चूर्ण तपासायला पाठवले आहे.

उरलेल्या अर्ध्याची डबी माझ्या टेबलावर आहे. आपल्या जाहिरात विभागाला हवी असल्यास पत्ता कळवावा, कुरियरने पाठवून देतो.

आपला,
एक डॉक्टर, मिरज
(नाव छापू नये. गावात ओळखायचे ते ओळखतीलच.)